वळायला जागा

वाटणीत दादाने मोठा चौकोनी प्लॉट स्वतःकडे ठेवला आणि कोपऱ्यातला तिकोनी तुकडा देऊन माझ्या तोंडाला पानं पुसली. वर म्हणाला, "तुला तरी जास्त जागा कशाला हवी?" मी रागाने तिथे दोरी बांधली आणि चादरी वाळत घालू लागले.

पुढे शेजारून हमरस्ता गेला, मालवाहतुकीचा तळ झाला, गोदामांना सोन्याचा भाव आला. दादानेही भलंमोठं गोदाम बांधलं. उद्घाटनाला पहिला ट्रेलर आला. पुढे गेला, मागे आला, पुन्हा पुढे गेला. शेवटी ड्रायव्हर उतरून सगळ्यांदेखत म्हणाला, "साहेब, गोदाम झकास आहे, पण गाडी वळवू कुठे?"

सगळ्यांच्या नजरा माझ्या चादरींवर.

दादा घाम पुसत आला. "छोटे, तुझा तुकडा विकतेस का गं?"

"विकणार नाही, भाड्याने देईन. आधी ह्या चादरींच्या घड्या घालू लाग!"

भर उद्घाटनात चादरीची दोन टोकं धरून आम्ही दोघं हसत सुटलो. मग दोरी सोडली.

ट्रेलर एका दमात वळला. दादाला वळणावर यायला बावीस वर्षं लागली.