खोडाळ्याचं कडं

मित्रांनो, कधी खोडाळ्याला तानीच्या घरी पाणी प्यायलात, तर माठाच्या बुडाशी नजर टाका. तिथलं जुनं, गंजकं लोखंडी कडं म्हणजे मी. माझा जन्म काही माठ धरायला झाला नव्हता.

जव्हार संस्थान विलीन झालं, त्याच्या दुसऱ्या वर्षी एका मास्तरांनी मुंबईहून बास्केटबॉलचा खेळ आणला. चेंडू आले, पण कडी कुठली? मग खोडाळ्याच्या बाबल्या लोहाराने मोडक्या बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव कापली आणि तिची दोन कडी वळली. एक जव्हारला गेलं. मी खोडाळ्यात सागाच्या खांबावर चढलो.

नवशा हा खोडाळ्याचा खरा गडी. दिवसभर रानात लाकडं तोडून आला, तरी सांजेला माझ्याखाली उभा राही आणि काठाला न लावता चेंडू आत सोडी. त्याची बायको तानी मोजायची. दहाच्या पुढे गेला की हसत सुटायची. तेव्हा मी फार तोऱ्यात होतो, खोटं कशाला बोलू?

नागलीचं पीक घरात आलं की दरवर्षी दोन गावांचा सामना खेळायचा, असं ठरलं. जाणत्यांनी ठराव केला, जिंकेल त्याने दोन्ही कडी न्यायची. टाळ्या पडल्या. हरलेल्याने वर्षभर सराव कशावर करायचा, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. जव्हार एका गुणाने जिंकलं आणि मला खांबावरून उतरवून घेऊन गेलं.

नवशाने बूड काढलेली बांबूची टोपली खांबाला बांधली. बांबू मऊ. चेंडू काठाला लागला तरी तो आत घेतो. लोखंड तसं करत नाही. दुसऱ्या वर्षी खोडाळा हरला. तिसऱ्या वर्षी जव्हारच्या मैदानात शेवटचा चेंडू नवशाच्या हातात होता. तो नेमका माझ्या काठावर येऊन आपटला. मित्रांनो, मला तो घ्यायचा होता हो! पण मी त्याला बाहेर फेकलं.

नवशा जव्हारच्या म्होरक्याकडे, पुंजाकडे गेला. "पुंजादादा, आमचं कडं दे. वरीसभर हात बसू दे, मंग हरव मला."

पुंजा देणारही होता. पण मागून गलका झाला, "ठराव तो ठराव!" पुंजाने मान खाली घातली.

ती गोष्ट त्याच्या मनाला खात राहिली. चौथ्या सामन्याला महिना उरला, तेव्हा कुणाला न विचारता त्याने मला उतरवलं, खांद्यात अडकवलं आणि दिवसभर चालून खोडाळ्याला आला. तानी दारात नागली पाखडत होती.

"नवशा कुठंय, वहिनी? कडं आणलंय त्याचं."

तानीने सूप खाली ठेवलं. "आणलंस, पन टाकणारा नाय राहला, दादा. भादव्यात हिवतापानं गेला. तापातपन मला मोजाया लावी."

पुंजा मला छातीशी धरून रडला. "खांबावर चढवतो," म्हणाला.

"नको. आता मी कोनाचं मोजू?"

त्या वर्षी खोडाळ्याने संघ उतरवला नाही. जव्हारची पोरं एकुलत्या कड्याखाली काही दिवस खेळली आणि कंटाळली. तानीने मला माठाखाली घेतलं. नवशाचा एक चेंडू मला धरता आला नाही, आता त्याच्या घरचं पाणी धरून बसलोय.

मित्रांनो, जिंका, खुशाल जिंका. पण हरलेल्याचं कडं त्याच्या खांबावर राहू द्या. नेलंच असेल, तर आज परत करा. जव्हार ते खोडाळा ही एका दिवसाची वाट आहे. मला ती चालून यायला तीन वर्षं लागली.