राबाचं शेण

गोठ्यात दोन बैल, दोन गाई, एक म्हैस आणि एक कालवड. पलीकडे कुडाच्या आडोशाला बावीस शेळ्या, त्यांतली पाच करडं. गुरं दिवसभर डोंगराला चरायला जात, त्यामुळे दिवसाचं शेण डोंगराच्या वाट्याला. घरी मिळे ते फक्त रात्रीचं, तीस किलो, फार तर बत्तीस. साधनानं ते पाटीनं मोजून काढलं होतं.

भोरच्या कॉलेजातून बीएस्सी होऊन ती वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, या वाडीत सून म्हणून आली. दुसऱ्याच वर्षी नवऱ्याच्या, नाथाच्या, मागं लागून तिनं परसात गोबरगॅसची टाकी बांधून घेतली. टाकीतल्या शेणपाण्याच्या काल्यावर फायबरचा मोठा डबा पालथा तरंगायचा. गॅस साठला की तो वर उचलला जाई, शेगडी पेटली की हळूहळू खाली बसे. रोज सकाळी डबा टाकीच्या कठड्याच्या वर किती आला, हे साधना पट्टी लावून बघायची. थंडी सरल्यावर तो चाळीस सेंटीमीटरच्या आसपास असायचा.

चैत्रात तो चौदावर आला.

निम्मं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. भाताचं रोप टाकायच्या जागेवर राब भाजायचा होता. तळाला शेण, त्यावर पानांसकट फांद्यांचा टहाळ, त्यावर वाळक्या पानांचा पातेरा आणि वरून माती पसरून ती जागा पेटवायची. तणाचं बी जळतं, माती भुसभुशीत होते, रोप जोमानं येतं. त्यासाठी सासूबाई, धोंडाबाई, महिनाभर निम्मं शेण बाजूला काढून वाळवत होत्या. बी मोजकंच होतं. रोप बिघडलं तर वर्षाचा भात गेला.

"शेण निम्मं, तर गॅस निम्मा. वीस यायला पाहिजे," साधना म्हणाली. "चौदा कसा?"

"रुसला आसंल," नाथा म्हणाला. "आई, ह्या ज्योतीवर चहा बी उकळंना. राबाचं शेण टाकीत घालू."

"ढिगाला हात लावशील तर बघ. पुढल्या साली ताटात काय गॅस वाढू तुला?"

"मंग टाकी कशाला बांधली? साधनानं परत लाकडं आणायला उतरायचं का दरीत?" नाथा उठला. "राबाला अजून बारा-पंधरा दिवस हायेत. तवर गॅस आला तर आला. न्हाईतर निम्मा ढीग टाकीत, आन राब निम्म्याच जाग्यावर."

धोंडाबाई उठून ढिगातलं शेण उलथायला गेल्या.

दुपारी साधना टाकीपाशी वाकून बसली. डबा आणि कठडा यांच्यातल्या फटीत काळपट साय धरली होती. तिनं काडीनं ती ढोसली, तर वर आल्या शेळ्यांच्या लेंड्या. सगळ्या अख्ख्या.

"आत्या, ह्या कुणी घातल्या?"

"म्या," धोंडाबाई म्हणाल्या. "तुज्या टाकीच्या तोंडचं शेण काढलं, म्हनलं उपाशी नगं ऱ्हायला. रोज पाटीभर घालत हुते."

साधनाला रागवावं की हसावं तेच कळेना. कोरडी लेंडी पाण्यावर तरंगते. महिनाभराच्या लेंड्यांची जाड साय डब्याखाली जमली होती आणि खालचा गॅस तिच्यात अडकून बसत होता. दोघींनी डब्याच्या कड्या धरल्या आणि तो डावीकडं-उजवीकडं फिरवत ती साय मोडली. फटीत वर येईल ते झाऱ्यानं काढून टाकलं. दोघींचे हात कोपरापर्यंत भरले. मग कठड्याला टेकून बसल्यावर धोंडाबाईंनी विचारलं, "सिलिंडरातला गॅस कुठल्या शेणाचा गं?"

"शेणाचा न्हाई, आत्या. समुद्राच्या तळाला बारीक जीव मरून पडले. त्यांच्यावर गाळ साठत गेला, हवा लागली न्हाई. वरनं दाब, खालनं ऊब. कोट्यवधी वर्षांनी त्यांचं तेल झालं, गॅस झाला. कोळसा दलदलीतल्या झाडांचा, त्याची बी तीच तऱ्हा."

"मंग आपल्या डोंगरात का न्हाई?"

साधनानं समोरच्या कड्याकडं बोट केलं. "ह्यो सगळा वितळलेला दगड. भेगांतनं वर आला, पसरला, निवला. मग त्याच्यावर दुसरा थर. मधी ती तांबडी पट्टी दिसती ना, ती खालच्या थराची झालेली माती. तिच्यात कोळसा व्हायचा तर आधी दाट रान पायजे, मग ते पाण्यात बुडून गाडलं जायला पायजे. इथं तसं घडलं न्हाई."

त्या पट्टीपाशी धोंडाबाईंच्या शेळ्या उन्हाच्या टेकत, कारण तिथं दगडातून पाणी पाझरतं.

"म्हंजे समुद्रात जमिनीनं आधी भिजवलं, मंग दाबलं, चेंदलं," त्या सावकाश म्हणाल्या. "आन म्या खडखडीत वाळल्याली टाकली. कशी मुरंल?"

साधना मनात हिशोब करू लागली होती. शेणात पाचातले चार भाग पाणी. लेंडीत निम्म्याहून थोडं जास्त. म्हणजे किलोमागं ऐवज दुपटीहून जास्त. शेळ्यांच्या रात्रीच्या लेंड्या सात किलो भरायच्या, म्हणजे भिजून फुटल्या तर पंधरा-सोळा किलो शेणाच्या तोडीच्या. राबासाठी जेवढं शेण काढलं होतं, साधारण तेवढ्याच.

"आत्या, भिजवून तुडवू," ती म्हणाली. "पण पाणी?"

"पानी झऱ्याचं निम्मं. निम्मं गोठ्याच्या नालीतलं मूत. त्येच्यात लौकर फुगत्यात."

गुरांची पाणी प्यायची जुनी डोण रिकामी केली. संध्याकाळी लेंड्या भिजवायच्या, सकाळी लुगडं खोचून दोघींनी आत उतरायचं आणि भिंतीची माती तुडवावी तशा त्या तुडवायच्या. पहिल्या सकाळी शेजारची साळूबाई हंडा घेऊन चालली होती, ती थांबलीच.

"धोंडाबाई, शिकल्याली सून आनली ती लेंड्या तुडवायला व्हय?"

"सासू बी तुडवतीया की. ये तू बी, टाचंच्या भेगा भरतील."

साळूबाई पदर तोंडाला लावून हसत गेली. साधनाही हसली, पण तिचं लक्ष सासूच्या पायांकडं होतं. धोंडाबाई टाचेनं दाबत, मग बोटांनी चाचपत, एकही गोळी अख्खी राहू देत नव्हत्या. साठी उलटलेली बाई कालपर्यंत न ऐकलेली गोष्ट ऐकते, ती आपल्या डोणीला लावून बघते, आणि आजच कामाला उभी राहते. साधनाला वाटलं, प्रयोगशाळेत आपण याहून नेटकं काम कुणाचं पाहिलं नाही.

काला पातळ करून टाकीत जाऊ लागला. शेण निम्मंच, ढिगाला हात न लावता. पहिले दिवस डबा तसाच खाली राहिला. नाथा येता-जाता बघायचा आणि पुढं जायचा. नंतर डबा थोडा हलला, पण साधनानं आकडा कुणाला सांगितला नाही. एखाद्या सकाळी गार हवेनं तो खाली बसतो, हे तिला माहीत होतं.

राबाच्या दिवशी ऊन वर यायच्या आत टहाळाचे भारे शेतात पोचले होते. नाथा ढिगापाशी पाटी घेऊन उभा राहिला. धोंडाबाई कठड्यापाशी.

"बघ गं," नाथा म्हणाला. "पाटी कुणीकडं न्यायची ते सांग. शेताकडं का टाकीकडं."

साधनानं पट्टी कठड्यावर उभी धरली, डब्याची ओली कड बोटानं पुसली आणि वाकून आकडा वाचला.

एकोणचाळीस सेंटीमीटर.