भुरा आणि बदाम्या

पुनम गेली त्यानंतर तिसऱ्या महिन्यात भुऱ्यानं स्वतःच्या अंगावरचे केस कुरतडायला सुरुवात केली.

भुरा म्हणजे पुनमनं पाळलेला चिंचिला. सशाहून लहान, गोल कानांचा, खारीसारख्या शेपटीचा, आणि केस इतके दाट की बोट घातलं तरी कातडी लागत नाही. हा प्राणी मुळातला थंड डोंगरांमधला. त्याला पाण्यानं अंघोळ घालत नाहीत. राखेसारख्या बारीक मातीची परात पुढे ठेवली की तो तिच्यात लोळतो, अंग झाडतो आणि स्वच्छ होतो. पुनमचे वडील लटारूभाऊ चाळीस वर्षं गावच्या मामा तलावात, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावात, मासेमारी करत आलेले. कमरेइतक्या पाण्यात उभं राहून जाळं ओढायचं, हेच त्यांचं आयुष्य. पाण्याला न शिवणारं जनावर त्यांनी पहिल्यांदा पाहिलं ते दोन वर्षांपूर्वी, पुनम गडचांदूरहून पिंजरा घेऊन माहेरी आली तेव्हा.

तिला लहानपणापासून सिकलसेलचा आजार होता. सांधे दुखायचे, मधूनमधून रक्त चढवावं लागायचं. नवरा हेमराज सिमेंट कारखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला. त्याच्याही रक्तात तो दोष निघाला, तेव्हा मूल होऊ द्यायचं नाही असं दोघांनी मिळून ठरवलं. हेमराजच्या आईला ते पटलं नाही. ती रोज बोलायची, हेमराज मान खाली घालून जेवायचा. शेवटी एक दिवस पुनम भुऱ्याला घेऊन ब्रह्मपुरीच्या एसटीत बसली. तिथून जीपनं गावी आली. ब्रह्मपुरीतल्या एका लॅबमध्ये तिला काम मिळालं, आणि पहिलं काम तिनं काय केलं, तर आपल्या खोलीत एसी लावून घेतला. भुऱ्याला उन्हाळा सोसत नाही म्हणून.

गेल्या नवरात्रात तिला ताप आला. छाती भरली. चौथ्या दिवशी ती गेली.

हेमराज घाटावर आला होता. सगळ्यांच्या मागे उभा होता. लटारूभाऊंनी त्याच्याकडे पाहिलं नाही आणि परत जाताना तो पाया पडायला वाकला, तेव्हा पाय मागे घेतले.

भुऱ्याचं खाणंपिणं मग लटारूभाऊंकडे आलं. ते सकाळी सुकं गवत घालायचे, बाटलीत पाणी भरायचे, दाणे टाकायचे. पण भुरा कोपऱ्यातल्या लाकडी खोक्यातून बाहेर येईना. पाठीवर रुपयाएवढा उघडा चट्टा पडला, मग दुसरा. ब्रह्मपुरीच्या जनावरांच्या डॉक्टरांनी असा प्राणी पाहिलेला नव्हता. त्यांनी नागपूरच्या ओळखीच्या डॉक्टरांना फोन लावला. उत्तर आलं ते सोपं होतं. अंगात रोग नाही, एकटेपणा आहे. जमलं तर जोडीदार आणा.

आठ दिवसांनी पुनमच्या आईनं, सुगंधाबाईंनी, तांदूळ निवडता निवडता नवऱ्याला सांगितलं, "मी जवायाले फोन केला. त्याईच्याजवळ एक हाय असा. बुधवारी घेऊन येऊन राह्यले."

"कोणाले इचारून केला?"

"कोणाले इचारू? त्या मुक्याले?" त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "तुम्ही तं बोलतच नाई."

लटारूभाऊ उठून तलावाकडे गेले. पण बुधवारी ते घरीच होते.

हेमराज आला तो वाळला होता. एका हातात घडीचा पिंजरा, दुसऱ्यात जाळीचा पेटारा, त्यात बदामी रंगाचा चिंचिला. म्हणून त्याचं नाव बदाम्या. दोघंही नर. हेमराजनं ओसरीतच सांगून टाकलं की याला एकदम भुऱ्याजवळ न्यायचं नाही.

"पंधरा दिवस दुसऱ्या खोलीत ठेवू, मामाजी. काही रोग असन तं कळन. मग पिंजरे बाजू-बाजूले लावू, पन मधात हातभर जागा ठेवाची. जवळ लावले तं जाळीतून एकमेकाची बोटं तोडतीन."

"नर-नर जमतीन का?"

"जमते. मादी जवळ नसली का जमते. पन येळ लागते."

लटारूभाऊ एवढंच बोलले आणि बाहेर गेले. सासऱ्या-जावयांचं त्या दिवशी याहून जास्त बोलणं झालं नाही. हेमराजला सुट्टी बुधवारची. गडचांदूरहून चंद्रपूर, तिथून ब्रह्मपुरी, पुढे जीप. मंगळवारी रात्री निघायचं, बुधवारी रात्री परतायचं. तरी तो दर बुधवारी येऊ लागला. मधल्या सहा दिवसांचं काम लटारूभाऊंवर पडलं.

काम वासाचं होतं. या प्राण्यांची ओळख नाकानं होते. भुऱ्याच्या खोक्यातलं फडकं बदाम्याच्या पिंजऱ्यात टाकायचं, बदाम्याचं भुऱ्याच्या. मातीच्या एकाच परातीत आधी एकाला लोळू द्यायचं, मग दुसऱ्याला. पुढे चार दिवस पिंजऱ्यांचीच अदलाबदल. भुरा पहिल्यांदा त्या फडक्याला हुंगून मागे सरला आणि खोक्यात बसून कुत्र्याच्या पिलासारखा भुंकला. इतक्या महिन्यांत त्याचा आवाज लटारूभाऊंनी ऐकला नव्हता. ते बराच वेळ खोलीत बसून राहिले. दुसऱ्या दिवसापासून ते तलावावरून आले की आधी अंघोळ करू लागले, सदरा बदलू लागले. माशाच्या वासानं दोघं बिचकतात हे त्यांचं त्यांनाच कळलं होतं.

पहिली भेट फेब्रुवारीच्या सुरुवातीला झाली. ती कुणाच्याच हक्काच्या जागेत व्हायला हवी, म्हणून न्हाणीघर निवडलं. सुगंधाबाईंनी आदल्या दिवसापासून तिथे पाणी पडू दिलं नाही, फरशी कोरडीठाक पुसली. दोघं पुरुष आत पाटांवर बसले, दार लावलं, आणि मधोमध मातीची परात ठेवून हेमराजनं दोघांना सोडलं.

भुरा भिंतीला चिकटून राहिला. बदाम्या तरुण, त्याला दम नव्हता. तो परातीत शिरला, लोळला, बाहेर येऊन थेट भुऱ्याच्या तोंडाजवळ गेला. काही क्षण दोघांच्या मिशा हलल्या. मग भुऱ्यानं त्याचा कान धरला. दोघांचा एकच गोळा झाला आणि केसांचे पुंजके उडाले.

"हात नका घालू," हेमराज म्हणाला, पण लटारूभाऊंचा हात गेला होता. भुऱ्याचे दात अंगठ्याच्या मुळाशी रुतले. हेमराजनं टॉवेल टाकून दोघांना वेगळं केलं, पिंजऱ्यात घातलं, आणि मग सासऱ्याचा हात धरून ओसरीत आणला. बदाम्याचा कान थोडा फाटला होता. हेमराजनं आधी त्याला औषध लावलं, मग लटारूभाऊंच्या अंगठ्यावर पट्टी बांधायला बसला.

"टाका घालावा लागन, मामाजी."

"शिंगाड्या माशाचा काटा याच्यापरीस खोल जाते. बांधा तुम्ही."

हेमराज पट्टीचे वेढे घेऊ लागला.  लटारूभाऊंनी विचारलं, "हा दुसरा तुम्ही कवा आणला?"

"पोळ्याच्या सुमाराले."

"तवा तं ती इथी होती."

"तिनंच सांगतलं होतं." हेमराज पट्टीकडेच पाहत होता. "फोनवर बोलत होतो आम्ही. म्हणे, मी ड्युटीवर गेली का भुरा एकटा पडते. तुम्ही एक जोडीदार पाहून ठेवा, मी आली का दोघाईले मिळवू. आई तवाच भावाकडे राह्याले गेली, अजून तिकडेच हाय. मी घर साफ केलं, मोठा पिंजरा आणला. पोळा झाला का येनार होती ती."

 लटारूभाऊंना पोळ्याआधीचं एक जेवण आठवलं. पुनमनं ताटातला भात चाळवत म्हटलं होतं, बाबा, पोळा झाल्यावर मी गडचांदूरले जाऊन पाह्यतो म्हणतो. त्यांनी वर न बघता उत्तर दिलं होतं, दिवाळी इथी कर, मग काय जाचं ते जा. तिनं पुन्हा विषय काढला नाही. ही गोष्ट त्यांनी सुगंधाबाईंनाही सांगितली नव्हती.

आता त्यांनी ती सांगितली. सगळी, तिच्या शब्दांसकट. मग म्हणाले, "मीच थांबवली तिले. तिकडे असती तं वाचली असती का?"

हेमराजनं पट्टीची गाठ मारली. "नाई, मामाजी."

"माह्या बरं वाटासाठी सांगू नका."

"नाई. मी डॉक्टरले इचारून आलो होतो, घाटावरून परत जाताना. म्हटलं, माह्याजवळ असती तं? त्याईनं सांगतलं, ताप कुठीही आला असता, आजार तोच होता." त्यानं उरलेली पट्टी गुंडाळली. "पन तिले घर सोडा लागलं ते माह्यापाई. मी आईपुढं एक शब्द बोललो नाई. ते मी कोणाले इचारू?"

सुगंधाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी दोघांचं ऐकलं होतं. त्या आत गेल्या आणि थोड्या वेळानं दोन ताटं वाढून आणली. त्या दिवशी हेमराज पहिल्यांदा त्या घरात जेवला. त्याआधीच्या बुधवारी तो ब्रह्मपुरीच्या स्टँडवर खाऊन यायचा.

न्हाणीघरातल्या त्या प्रसंगानं सगळं मागे गेलं. पुन्हा हातभर अंतर, पुन्हा फडकी, पुन्हा परात. लटारूभाऊंनी कुरकूर केली नाही. दोन आठवड्यांनी दुसरी भेट झाली, ती पाच मिनिटांची. भुरा बदाम्याच्या पाठीवर चढत राहिला, बदाम्या चिरकत पळत राहिला. लटारूभाऊ टॉवेल घेऊन उठले, पण हेमराजनं त्यांना बसवलं.

"राहू द्या. हे भांडन नाई. मोठा कोण ते ठरवून राह्यले. केस उडाले तरच उठाचं."

केस उडाले नाहीत. मग दर दिवशी दहा मिनिटं, पुढे अर्धा तास. हेमराज नसला की लटारूभाऊ एकटे पाटावर बसत आणि रात्री फोनवर सुगंधाबाईंकरवी निरोप देत: आज नुसतं हुंगलं, आज एकाच परातीत दोघं लोळले. चौथ्या दिवशी त्यांनी फोन स्वतःच हातात घेतला. फेब्रुवारी संपता संपता एका दुपारी बदाम्या भुऱ्यापुढे मान खाली घालून बसला, आणि भुऱ्यानं पुढचे दोन पाय त्याच्या डोक्यावर ठेवून कानामागचे केस हळूहळू दातांनी विंचरले. फाटलेल्या कानाशी तो जास्त वेळ थांबला. लटारूभाऊंनी त्या दिवशी जाळं टाकायला जायचं टाळलं.

पुढच्या बुधवारी भुऱ्याचा पिंजरा धुऊन पुसून काढला, फळ्या नव्या लावल्या, म्हणजे कुणाचाच जुना वास उरू नये. दोघांना एकदमच आत सोडलं. हेमराज दिवसभर समोर बसला. संध्याकाळी दोघं एकाच खोक्यात अंगाला अंग लावून झोपले होते. भुऱ्याच्या पाठीवर बारीक केस फुटू लागले होते.

होळी झाली आणि ऊन चढलं. एके दुपारी लाईन गेली ती तीन तास आली नाही. सुगंधाबाईंनी शेजारच्या फ्रिजमधून बर्फाच्या बाटल्या आणल्या, फडक्यात गुंडाळून पिंजऱ्यात ठेवल्या; लटारूभाऊंनी ओल्या गोणपाटांनी खिडकी झाकली. तरी दोघांचे कान लाल झाले आणि भुरा फळीवर आडवा पडून धापा टाकू लागला. लाईन आली तेव्हा कुठे तो उठला.

"इथी उन्हाळा निघनार नाई त्याईचा," लटारूभाऊ म्हणाले. "कारखान्याच्या कॉलनीत लाईन जात नाई. हेमराजकडे देऊ."

"पोरीची एवढीच निशानी उरली घरात," सुगंधाबाई म्हणाल्या.

"निशानी म्हणून मारू का त्याईले?"

सुगंधाबाई रडल्या. पण पिंजऱ्यातली फडकी त्यांनीच धुऊन वाळवली आणि घडी करून पिशवीत भरली. फोन लटारूभाऊंनी केला. पलीकडून हेमराज म्हणाला, "मामाजी, दोघाईले तोडाचं नाई म्हणून मीच तुमच्याकडे ठेवाचं म्हणत होतो. तुमचं घर सुनं होईन."

"सुनं तं झालंच हाय. या तुम्ही."

हेमराज मित्राची एसी असलेली गाडी घेऊन पहाटेच निघाला आणि ऊन व्हायच्या आत गावी पोचला. पेटारा गाडीत ठेवल्यावर लटारूभाऊ घरात गेले, धुतलेला सदरा घालून बाहेर आले आणि मागच्या सीटवर पेटाऱ्याशेजारी बसले. कुणी विचारलं नाही. वाटेत ते पेटाऱ्यावर हात ठेवून होते. दोघं आत एकमेकांच्या कुशीत तोंड खुपसून बसले होते.

गडचांदूरला झाडांच्या पानांवर पांढरी धूळ होती. हेमराजचं क्वार्टर दोन खोल्यांचं. आतल्या खोलीत एसी आणि भिंतीएवढा पिंजरा, त्यात तीन माळे, एक लाकडी पूल, गवताची टोपली. सगळं नवं आणि न वापरलेलं; बदाम्याला हेमराजनं आजवर लहान पिंजऱ्यातच ठेवलं होतं. पुनम येणार म्हणून लावलेलं होतं, आणि लटारूभाऊंना ते सांगावं लागलं नाही. भुरा आधी बाहेर आला, पुलावर थांबला, मागे वळून पाहिलं. बदाम्या त्याच्या मागे गेला.

लटारूभाऊ खाली फरशीवर बसले. आतापर्यंत त्यांनी कुणासमोर डोळ्याला रुमालही लावला नव्हता. आता ते हातांत तोंड घेऊन रडले, आणि हेमराज त्यांच्याजवळ बसून राहिला.

नंतर त्यानं भात टाकला. जेवताना तो म्हणाला, "साडेचारची गाडी हाय चंद्रपूरले. नाई तं राहा आज."

लटारूभाऊंनी पिंजऱ्याकडे पाहिलं. "नव्या जागेत पह्यला दिवस हाय त्याईचा," ते म्हणाले. "राह्यतो."