ज्वाळा अडवल्या, धग नाही

मी एक जुनी जाळीची काच आहे. मित्रांनो, सध्या मी एका पत्र्याच्या शेडमागे भिंतीला टेकून उभी आहे. अंगभर तडे, कडा काळ्या. माझी कीव यावी म्हणून मी बोलत नाही. मला राग आलाय, आणि तो कुणाचा हे तुम्हाला कळावं, एवढंच.

लालभडक वितळलेली काच दोन रुळांमधून जात असताना तिच्या पोटात तारेची जाळी सोडली आणि मी तयार झाले. आगीत मला तडे जातात, पण जाळी तुकडे धरून ठेवते. त्यामुळे ज्वाळा आणि धूर बराच वेळ पलीकडे जात नाहीत. धग मात्र माझ्यातून उन्हासारखी आरपार जाते. हे काही गुपित नव्हतं. माझ्याबरोबर आलेल्या कागदावर ते छापलेलं होतं.

मला विकत घेतलं एका गाद्यांच्या कारखान्याच्या मालकांनी. खाली फोमचं गोदाम, वर शिवणकाम, आणि गोदामाला लागूनच एकुलता एक जिना. मालकांना येता-जाता गोदामावर नजर ठेवायची होती, म्हणून मधल्या भिंतीत काच हवी होती.

आगीपासून सुरक्षेचं काम पाहणाऱ्या इंजिनिअर बाईंनी मला बघताच मान हलवली. "ही नको. इथे धग अडवणारी काच पाहिजे. तिच्या थरांमध्ये जेल असतं. आगीत ते फुगून पांढरं होतं आणि उष्णता पलीकडे जाऊ देत नाही. नाहीतर सरळ विटांची भिंत घाला."

"ती काच यायला किती दिवस?" मालकांनी विचारलं.

"दोन महिने. जड असते, चौकटही तिच्या जोडीची लागते."

"उद्घाटन पुढच्या आठवड्यात आहे, बाई. आणि ही आगीचीच काच आहे ना?"

"ज्वाळा अडवेल. जिन्यावरची माणसं भाजतील."

"तुम्ही लोक आधी घाबरवता, मग सही मागता," मालक म्हणाले. बाईंनी खरंच आपली हरकत कागदावर लिहिली आणि वाचून दाखवली. मालकांनी खाली न बघता सही ठोकली.

उद्घाटनाला त्यांनी माझ्यावर टिचकी मारून पाहुण्यांना सांगितलं, "अग्निरोधक आहे." सगळ्यांनी कौतुक केलं. मला तेव्हाही चीड आली होती. पुढची अकरा वर्षं मला कुणी पुसलंसुद्धा नाही. फोमचे गठ्ठे माझ्या अंगाला लावून रचले. इंजिनिअर बाई दरवर्षी येऊन तेच लिहून जात. मालक त्यांना बसायला खुर्चीही देत नसत.

एका दुपारी गोदामात गठ्ठे वाहणाऱ्या छोट्या गाडीची बॅटरी चार्ज होता होता पेटली. फोमने क्षणात पेट घेतला. मला तडे गेले, पण मी चौकट सोडली नाही. जिन्यात ना ज्वाळा, ना धूर.

वर चौदा बायका होत्या. मालक खालच्या दारातून ओरडत होते, "या खाली. काच शाबूत आहे, काही होत नाही."

कापड कापणाऱ्या मावशी सगळ्यांत जुन्या. "थांबा गं, आधी मी जाऊन बघते," असं म्हणत त्या निघाल्या. त्या माझ्यासमोर आल्या आणि माझ्याने काही करवलं नाही. समोरच्या भिंतीवरचा प्लॅस्टिकचा फलक वितळून लोंबत होता. मावशींच्या उजव्या बाहीतून धूर निघू लागला. त्यांनी तोच हात चेहऱ्यावर घेतला आणि परत पायऱ्या चढत वर ओरडल्या, "कुणी उतरू नका. मागची खिडकी फोडा."

आग विझवणाऱ्यांनी शिडी लावून चौदाही जणींना खिडकीतून उतरवलं. जीव सगळ्यांचे वाचले. मावशींची बोटं मात्र आता कात्रीवर मिटत नाहीत.

चौकशीला माणसं आली तेव्हा मालकांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "बघा साहेब, काच जागची हललीसुद्धा नाही. मी आणखी काय करायचं होतं?"

मित्रांनो, याच्या बाजूने साक्ष देण्यापेक्षा तिथेच कोसळून पडावं असं मला वाटलं. इंजिनिअर बाईंनी सहीचा कागद पुढे ठेवला. मालक म्हणाले, "इतके कागद येतात. कोण वाचत बसतं?"

मावशी पट्टी बांधलेला हात धरून उभ्या होत्या. "काचेला जे येतं ते तिने केलं," त्या म्हणाल्या. "तिला काय येत नाही, ते तुम्हाला वाचून दाखवलं होतं. तरी तुम्ही मला खाली बोलावलंत." मग त्यांनी इंजिनिअर बाईंना विचारलं, "अशा काचा आधी भट्टीसमोर लावून बघतात ना?"

"हो, मावशी."

"मग पलीकडे कोण उभं राहतं?"

"कुणी नाही. उष्णता मोजायचं यंत्र ठेवतात."

"माणूस का नाही?"

"भाजेल म्हणून," बाई हळूच म्हणाल्या.

मावशी मालकांकडे बघत राहिल्या. मालकांनी खिशातून फोन काढला आणि उगाच कानाला लावला.

माझ्या जागी आता विटांची भिंत आहे. मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कुणीतरी इमारती बांधेल. काच निवडताना 'आग अडवते का' एवढं विचारून थांबू नका. धग अडवते का, किती वेळ अडवते, आणि तोवर तिच्याजवळून किती माणसं जाणार, हेही विचारा. ज्याला एवढं विचारणं म्हणजे कटकट वाटते, त्याच्या हाती जिना देऊ नका. मावशींनी मालकांना माफ केलं की नाही, मला ठाऊक नाही. मी केलेलं नाही.