शेपटाकडचं बटण

मित्रांनो, माझ्या खोक्यावर वाघाचा जबडा छापला होता. त्यावरून तुम्ही मला शिकारी समजाल, म्हणून आधीच सांगतो, मी स्वस्तातला गेमिंग माऊस आहे. सात रंगांचे दिवे, अंगठ्याजवळ दोन जादा बटणं आणि एक लांबलचक वायर. माझा डोळा पोटाला आहे. त्याला पॅडशिवाय काही दिसत नाही. त्यामुळे पुढची हकिगत बरीचशी ऐकीव आहे. खोटं सांगणार नाही, फार तर थोडं वाढवून सांगेन.

ज्या कारखान्यात मी जन्मलो, तिथं एक शिंक यायला लागतो तेवढ्या वेळात माझी चारशे भावंडं तयार व्हायची. तपासणाऱ्या बाईंनी मला एकदा टिचकावलं आणि खोक्यात घातलं. कौतुक म्हणाल तर एवढंच. माझ्या भावंडांनी पुढं रणगाडे उडवले, राक्षस लोळवले. मी आलो कोल्हापुरात, हंबीररावांच्या डिजिटलच्या दुकानात. चौकाचौकांत वाढदिवसाचे आणि श्रद्धांजलीचे मोठमोठे बोर्ड लागतात ना, ते तिथं बनतात.

ते बोर्ड मांडायचा आकाराम. वीस वर्षं त्याच खुर्चीत. आदल्या वर्षी त्याला अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात बधिर झाला. हात हलायचा, पण चहाचा कप धरलाय की सुटलाय, हे त्याला बघितल्यावरच कळायचं.

"आकाराम, म्हैनाभर बघतो," हंबीरराव म्हणाले. "काम उरकलं तर खुर्ची तुझी. न्हाईतर दुसरा माणूस बघाय लागंल. राग मानू नगंस."

"राग कुठला, मालक. नुसत्या मुंग्या येत्यात."

मग त्याच्या मुलीनं, अनुजानं, मला आणलं. ती पुण्याला नोकरीला. सुट्टीत येऊन तिनं माझं सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर बसवलं. माझा मूळचा वेग असा, की मी तीळभर सरकलो तर पडद्यावरचा बाण रंकाळ्याच्या ह्या काठावरून त्या काठावर. तिनं तो इतका उतरवला की बाण गाभण म्हशीसारखा चालू लागला. बधिर हाताला तोच सोसायचा. मग तिनं जादा बटणं लावून दिली. वायरीकडचं दाबलं की 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा' ही अख्खी ओळ उमटायची. तळहाताकडचं दाबलं की 'भावपूर्ण श्रद्धांजली'. जन्म आणि मरण, दोन्हींत अंगठ्याएवढं अंतर.

तीन आठवडे आम्ही दोघांनी काम हाणलं. त्याच्या अंगठ्याला मी कळत नव्हतो, आणि मला तर काहीच कळत नाही. माझ्या आत चार-सहा स्विच, एक चाक आणि एक भिंग. काही वाटायला जागाच नाही. जोडी छान जमली.

चौथ्या आठवड्यात पडद्यावर इंग्रजीत एक चौकट आली. माझ्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती निघाली होती. नाही म्हटलं तर माऊस बंद पडेल, या भीतीनं आकारामनं हो केलं. माझे दिवे गेले. मित्रांनो, मी दोन मिनिटं मेलो होतो. तिकडं काहीही नसतं. परत आलो तो कारखान्यातून नुकता निघालेला. वेग पुन्हा मूळचा, दोन्ही बटणं कोरी. आकारामनं मला हलवलं आणि बाण पडद्याबाहेर गेल्यासारखा नाहीसा झाला.

त्यानं अनुजाला फोन लावला. ती ऑफिसात, हळू आवाजात बोलत होती.

"पप्पा, घाबरू नका. दोन्ही मजकूर यादीत हाईत न्हवं? मग झालं. आधी वेग आठशेवर आणा." म्हैस परत चालू लागली. "आता बटणं. म्होरच्यावर वाढदिवस, माघारच्यावर श्रद्धांजली."

"म्होरचं कुठलं गं?"

"म्होरचं म्हंजे म्होरचं की ओ पप्पा! मीटिंग हाय, ठेवते."

पडद्यावर माझं चित्र होतं, आडवं. अनुजाच्या लेखी वायर निघते ती बाजू म्होरची. पण आकाराम नेसरीकडचा शेतकऱ्याचा पोर. उंदराला शेपूट कुठं असतं? मागं. वायर म्हणजे शेपूट. शेपटाकडचं ते माघारचं, हे सांगायला पुण्याची पोरगी कशाला पाहिजे? त्यानं शेपटाकडच्या बटणावर श्रद्धांजली बसवली. तीन आठवडे अंगठा आपसूक जात होता, कुठल्या बटणावर ते त्यानं कधी बघितलंच नव्हतं.

दाबून बघायची सवड मिळाली नाही. मुरगूडचा पिराजी पाच जणांना घेऊन दारात उभा होता. दूध संस्थेचे अध्यक्ष बाळासो यांची साठी. वीस फुटी बोर्ड, वर बाळासो, खाली शुभेच्छुकांची चाळीस डोकी.

आकाराम दोन तास बाळासोंची मिशी साफ करत बसला. पडदाभर नुसती मिशी. मग अंगठा सवयीनं शेपटाकडं गेला, एक दाब, ओळ उमटली. वीस वर्षं तेच शब्द टाकणारा माणूस ते वाचत नाही. पिराजीच्या मंडळींनी प्रूफ बघितलं.

"माझं डोस्कं ह्याच्यापरास बारकं का?"

"माझा गॉगल कुठं गेला?"

"आकारामदादा, ह्याला जरा कडंला सारा की, माझा खांदा झाकतोय."

सहा जणांनी सहा डोकी तपासली. हंबीररावांनी लांबी-रुंदी बघितली. बोर्ड छापून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास एक माणूस दुकानात आला. हंबीरराव म्हणाले, "या पावणं, काय छापायचं?"

आकारामनं ती मिशी ओळखली. माझ्यावरचा हात थांबला.

"छापलंय न्हवं," तो माणूस म्हणाला. आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. "मी बाळासो. मला मारलंय तुम्ही."

मोबाइलमधला फोटो बघून हंबीररावांच्या तोंडचं पाणी पळालं. "आकाराम, ऊठ. उद्यापासनं येऊ नगंस. पावणं, माफी करा, माऊसचं काय ते अपडेट झालं आन्..."

"माऊसचं काय न्हाई," आकाराम म्हणाला. "बटणं मीच लावलीती. हात माझाच हाय." आणि तो उठला.

त्यानं दोष माझ्यावर ढकलला नाही, याचं मला काही वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

बाळासो स्टुलावर बसले. "सकाळी सातला लावलाय बोर्ड, ऐन स्टँडवर. दीसभर माणसं येत्यात, आपापलं डोस्कं बघत्यात, फोटो काढत्यात, जात्यात. एकानं बी इचारलं न्हाई, बाळासो कधी गेला म्हणून."

"मग कुणाच्या ध्यानात आलं?" हंबीररावांनी विचारलं.

"माझ्याच. ते बी तिसऱ्या खेपंला. आधी दोनदा नुसती मिशी बघून आलतो." ते आकारामकडं वळले. "मिशी तुम्ही केली?"

"व्हय."

"किती येळ लागला?"

"दोन तास."

"दोन तास माझ्या तोंडाकडं बायकूनं बी बघितलं नसंल." मग हंबीररावांना म्हणाले, "ह्यास्नी उठवू नगा. उद्या बी ह्येच पाहिजेत हितं. दुसरा छापा, मी बसतो."

हंबीरराव मशीनला नवा रोल चढवायला गेले.

आकाराम खुर्चीत बसला. त्यानं माझ्या बटणांना हात लावला नाही. मला बाजूला सारलं आणि डाव्या हाताच्या एका बोटानं एकेक अक्षर मारू लागला. प्रत्येक अक्षर मोठ्यानं म्हणायचा, पहिलीतल्या पोरासारखा. संपल्यावर त्यानं पडद्याकडं बघत सगळं सलग वाचलं, "बाळासो, वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा."

स्टूल पुढं सरकल्याचा आवाज आला. मग बाळासो म्हणाले, "पुन्यांदा वाचा."

त्यानं पुन्हा वाचलं.

मित्रांनो, आता माझे तीन रंग विझलेत, डावं बटण एकाला दोनदा वाजतं. माझी काळजी घ्या, असं मी म्हणणार नाही, मला कळायचं नाही. अपडेट आलं तर जरूर करा. झाल्यावर एकेक बटण दाबून बघा. आणि कुणाचं नाव छापायच्या आधी ते एकदा मोठ्यानं वाचा, त्याला ऐकू जाईल एवढ्यानं.