मोजलं की पुसायचं

मशीन म्हणालं, एकतीस. दामिनीचा डोळा म्हणाला, शेहेचाळीस.

तिने चष्मा ओढणीला पुसला, पेनाचं टोक पडद्याला टेकवलं आणि संत्र्याच्या पानावरची रंध्रं पुन्हा एकेक करून मोजली. शेहेचाळीसच. छापायला जाणाऱ्या पेपरात एक स्वच्छ फोटो हवा, असं संपादकांचं पत्र आलं होतं. म्हणून तिने सकाळीच बागेतून ताजं पान आणलं होतं. फोटोखाली आकडा लिहायचा, म्हणून सहज मोजलं. सहज केलेली कामंच माणसाला महागात पडतात.

दामिनी पराते या फळसंशोधन संस्थेत अकरा वर्षं कंत्राटावर होती. पद, तांत्रिक सहायक. काम, बाकी सगळ्यांचं. पानाच्या पाठीवर बिनरंगाचं नेलपॉलिश लावायचं, वाळलं की पापुद्रा सोलायचा, काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकातून फोटो काढायचा आणि झाडाच्या श्वासाची भोकं सॉफ्टवेअरकडून मोजून घ्यायची. नेलपॉलिश विकणाऱ्या सदर बाजारातल्या दुकानदाराला वाटायचं, बाई ब्यूटी पार्लर चालवते. दोनशे चाळीस झाडं, दोन उन्हाळे, नऊ हजारांवर फोटो. कॉम्प्युटर एक आणि वापरणारे विभाग पाच, त्यामुळे त्यात जागा कधी उरायचीच नाही. त्यावर दामिनीनेच तोडगा काढून भिंतीवर कागद चिकटवला होता, ‘मोजलं की पुसायचं’. आकडा वहीत गेला की फोटो उडवायचा. सगळे पाळायचे. ती तर कसोशीने पाळायची.

दुसऱ्या उन्हाळ्यात एका जातीच्या खुंटावर कलम बांधलेल्या झाडांना रंध्रं चांगलीच कमी निघाली. विभागप्रमुख ठवकर सर हरखून गेले. कमी रंध्रं म्हणजे पाण्याची कमी गरज. पेपर लिहून झाला, स्वीकारलाही गेला, आणि सर म्हणाले, “दामिनीताई, यावेळी तुमचं नाव टाकतो. तिसरं.”

त्या दिवशी तिने घरी जाताना वडिलांसाठी बालुशाही नेली. महादेवराव एक्याऐंशीचे. हात थरथरू लागेपर्यंत हातमागावर लुगडी विणली आणि प्रत्येक लुगड्यावर छाप पडली ती व्यापाऱ्याची. बालुशाहीच्या दिवसापासून रोज संध्याकाळी ती चपला काढायच्या आत ते विचारायचे, “छापून आलं काय वं नाव?”

“येऊन राहिलं बाबा. तुमचंही येते त्यात. दामिनी महादेवराव पराते, पुरं लिहून देल्लं मी.”

“माहं कायले?” असं म्हणायचे आणि भिंतीकडे तोंड करून हसायचे.

आता एकतीस की शेहेचाळीस हा घोळ शोधायला दामिनीने कॉम्प्युटरमध्ये कोणी, कधी, काय घातलं याची यादी उघडली. शेवटची नोंद तीन मार्चची होती. दुसऱ्या उन्हाळ्याची मोजणी सुरू झाली होती सहा मार्चला. नोंद अंकुरची होती, तिने त्याला बोलावलं. तो परागकणांवर पीएचडी करणारा, खापा गावचा गुणी पोरगा. तिच्या डब्यातली भाजी निम्मी त्याचीच असायची.

“तीन मार्चले काय टाकलं होतं गा यात?”

“माहं प्लगिन. परागकण मोजाचं. तुमीच तर म्हटलं होतं ताई, ज्याले जे लागते ते टाका.”

म्हटलं होतं. पूर्वी मूळ सॉफ्टवेअरला असा एखादा तुकडा जोडायचा तर संगणक विभागाचा माणूस यावा लागे, आणि तो आला तर आठवड्याने. पोरं ताटकळायची. शेवटी दामिनीनेच अर्ज केला की वापरणाऱ्यांना आपापली प्लगिनं घालू द्यावीत, जबाबदारी माझी. तिच्या लहानपणी गल्लीतल्या चार घरांत मागावरचा ताणा, म्हणजे उभे धागे, काढायची एकच चौकट होती. कोणी कोणाची परवानगी घेत नसे. काम झालं की खुंट्या होत्या तशा लावून चौकट पुढच्या घरी जायची. तिला वाटलं, कॉम्प्युटरचंही तसंच चालेल.

“टाकताना काही इचारलं होतं त्यानं?”

“हो. जुनी फाइल बदलू काय म्हने. मी म्हटलं बदल.” अंकुरने पडद्याकडे पाहिलं. “काहून?”

“ती फाइल सगळ्याइची होती, अंकुर. तुह्या परागकणाइहून बारीक जे आहे ते मोजूच नको, असं सांगून ठेवलं तिनं. त्या खुंटावरची रंध्रं मिटलेली अन् बारीक, तीच सारी गळून गेली. झाडं सारखीच आहेत. कमी काही झालंच नाही.”

पोरगा पांढरा पडला. “फोटो असतीन ना? परत मोजू. मी बसतो ताई, दिवसरात्र बसतो.”

तिने भिंतीवरच्या कागदाकडे बोट केलं. अक्षर तिचंच होतं.

अंकुर हळूच म्हणाला, “कोणाले मालूम पडते ताई? पेपर तर छापून राहिला. तुमचं नाव येऊन राहिलं.”

आपलेच दात, आपलेच ओठ. त्याला काय रागावणार? आणि खोटं कशाला सांगा, तिलाही ते पटलं. चांगला अर्धा तास पटलं. ताज्या पानाचा फोटो उडवायचा, आकडा एकतीस लिहायचा आणि महादेवरावांच्या हातात अंक ठेवायचा. मग तिच्या मनात आलं, कोणी शेतकरी पेपरावर भरवसा ठेवून हे खुंट लावेल, पाणी कमी देईल, आणि त्याची झाडं उभ्याउभ्या वाळतील. ती उठली. उठताना तिला अंकुरचा नाही, स्वतःच्या डोळ्यांचा राग आला.

ठवकर सरांनी सगळं ऐकून घेतलं. फोटो पाहिला. स्वतः मोजायला लागले आणि विसावर थांबले.

“तुम्हाला परत मोजायला सांगितलं होतं कोणी?” ते म्हणाले.

दामिनीला वाटलं होतं, ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

पेपर मागे घेतला गेला. सर प्रामाणिक होते म्हणूनच घेतला, हेही खरं. पण प्रामाणिकपणाचा हिशेब कोणाच्या तरी नावावर टाकावाच लागतो. अंकुर विद्यार्थी, त्याचं आयुष्य पुढे होतं. सर विभागप्रमुख. आणि अर्जावर सही दामिनीची होती. “मार्चनंतरच्या कंत्राटाचं वरचे लोक बघतील,” एवढंच सर म्हणाले आणि कॉम्प्युटरचा पासवर्ड पुन्हा संगणक विभागाकडे गेला. तिने हात दाखवून अवलक्षण केलं, असं कँटीनमध्ये दोघेतिघे म्हणाले. ते तिला ऐकूही आलं.

घरी ती बोलली नाही. महादेवराव रोज विचारत राहिले, ती रोज “येऊन राहिलं” म्हणत राहिली, आणि म्हणताना रोज थोडी मरत राहिली.

सोमवारी शिपाई पिंटू परिपत्रकाचा गठ्ठा घेऊन आला. “साऱ्या विभागाइत लावाचं आहे, ताई. तुमच्या दारावरचं तुमीच लावून घ्या, माह्याजवळचा डिंक सरला.” त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

संस्थेच्या शिक्क्याखाली सुबक छपाई होती. यापुढे कोणीही सामायिक सॉफ्टवेअरमध्ये परस्पर प्लगिन घालू नये. तांत्रिक सहायक (कंत्राटी) श्रीमती दामिनी महादेवराव पराते यांच्या निष्काळजीपणामुळे संस्थेच्या संशोधनाची अपरिमित हानी झाली आहे.

तिने ते नाव दोनदा वाचलं. पूर्ण होतं. कुठे काही कमी नव्हतं.

मग तिने कपाटातून डिंक काढला, कागदाच्या चारही कोपऱ्यांना बोटाने लावला आणि दारावर चिकटवला. दोन पावलं मागे सरून पाहिलं. उजवी बाजू जराशी उतरली होती. डिंक ओला होता तोवर तिने कागद सोडवला आणि पुन्हा सरळ लावला.