गल्ल्यावर बसण्याआधी

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी खुर्ची आहे. वकीलबाईंच्या टेबलासमोरची, अशिलांची. घडवताना सुताराने माझा मागचा एक पाय केसभर आखूड ठेवला, त्यामुळे बसणारा चुळबुळला की मी करकरते. वकीलबाई म्हणायच्या, "ही करकरली की समजावं, काहीतरी बोलायचं राहिलंय." खुर्चीला याहून मोठी शाबासकी कोण देणार?

बहुतेक माणसं भांडण विकोपाला गेल्यावरच माझ्याकडे येत. पण एकदा दोन जावा दुकान उघडण्याआधीच आल्या. त्यांना शाळेचे गणवेश शिवून विकायचे होते आणि त्यासाठी काज करायचं मशीनही घेऊन झालं होतं. थोरली माझ्यावर बसली, धाकटी बाकावर.

"पाच मिनिटांचं काम आहे. सह्या कुठे करायच्या तेवढं सांगा," थोरली म्हणाली.

वकीलबाईंनी दोघींना एकेक कोरा कागद दिला. "लिहा. उद्या एकीला बाहेर पडायचं झालं, तर काज करायचं मशीन कुणाचं?"

"आमच्यात तसं व्हायचंच नाही!" धाकटी म्हणाली.

"मग लिहायला काय हरकत आहे?"

दोघींनी हात आडवा धरून लिहिलं. मी करकरले. कागद उघडले, तर दोन्हींवर एकच शब्द होता : माझं.

"अगं, विकत मी घेतलंय!"

"आणि चालवतं कोण? जाऊबाई, तुम्हाला सुईत दोरा तरी ओवता येतो का?"

मी घाबरले. दुकान तर जाईलच, घरही फुटेल असं वाटलं. वकीलबाई मात्र हसल्या. "आज भांडलात ते बरं झालं. अजून दुकानाचं कुलूपही उघडलेलं नाही."

संध्याकाळपर्यंत बसून त्यांनी एकेक गोष्ट ठरवली, कागदावर आणली आणि मगच सह्या केल्या.

पुढे गोल फिरणाऱ्या खुर्च्या आल्या. माझी रवानगी आतल्या बोळात झाली. अंगावर फायलींचा ढीग आणि वर धूळ. फार वाईट वाटायचं.

दहा वर्षांनी त्या जावा पुन्हा आल्या. धाकटीला परगावी स्वतःचं दुकान काढायचं होतं. ठरल्याप्रमाणे मशीन तिला मिळालं. थोरली रडली, पण मशीनसाठी नव्हे.

"मशीन ने गं. पण सुट्टीत येत जा," ती म्हणाली. मग डोळे पुसून विचारलं, "बाई, ती करकरणारी खुर्ची कुठे गेली?"

तिनेच फायली उतरवल्या, मला पुसलं आणि टेबलासमोर आणून ठेवलं. अजून मी तिथेच आहे.

मित्रांनो, मला पॉलिश नको, गादी नको. अधूनमधून एक फडकं फिरवलं तरी पुरे. दुकान काढायचंय? खुशाल काढा! पण गल्ल्यावर बसण्याआधी एकदा माझ्यावर बसा. आणि मी करकरले, तर उठू नका.